सिंहासनापाशी न थांबलेला थॉमस पेन

बुद्धिप्रामाण्य आणि स्वातंत्र्य हे शब्द निघाले की आपल्याकडील वक्ते युरोपातील तत्त्वज्ञांची ठरावीक यादी म्हणून दाखवतात. लॉक, मॉन्टेस्क्यू, व्हॉल्टेअर, मिल. ही माणसे थोर होती याबद्दल वाद नाही. पण ती कोणत्या जमिनीवर उभी होती, हेही पाहिले पाहिजे. मॉन्टेस्क्यू सरदार घराण्यातला. व्हॉल्टेअर उतारवयात फर्नेच्या जहागिरीचा मालक. स्वातंत्र्याचा भाष्यकार म्हणवला जाणारा लॉक याने आफ्रिकी गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले होते. मिलने ३५ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी केली. या यादीत एक नाव सर्वांत शेवटी येते, पुष्कळदा येतच नाही. ते नाव थॉमस पेन.

पेन चोळ्या शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. विद्यापीठाची पायरी त्याने कधी चढली नाही. बापाचा धंदा त्याने केला, सरकारी नोकरीतून तो दोनदा बडतर्फ झाला, त्याचे दुकान बुडाले. त्याच माणसाने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला शब्द दिले, फ्रान्सच्या राज्यक्रांतीत लोकप्रतिनिधी म्हणून काम केले आणि इंग्लंडच्या राजसत्तेला अशी धडकी भरवली की तिने त्याला कायद्याबाहेरचा ठरवले. दोन खंडांत ज्याची पुस्तके हातोहात खपली, तो १८०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला तेव्हा त्याला मूठमाती द्यायला जेमतेम अर्धा डझन माणसे होती.

असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच पेनचे चरित्र वाचायचे. पेनने राजाला प्रश्न विचारला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोच प्रश्न, त्याच बुद्धीने, त्याने धर्मग्रंथाला विचारला तेव्हा टाळ्या वाजवणारे हात मागे गेले. सिंहासन तपासणारी बुद्धी सर्वांना हवी होती. पोथी तपासणारी बुद्धी मात्र फार थोड्यांना हवी होती.

पेनचा जन्म १७३७ सालचा, इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातल्या थेटफर्ड या लहानशा गावचा. त्या काळी तिकडच्या बायका कंबर आवळण्यासाठी ताठ पट्ट्या घालून शिवलेली घट्ट चोळी वापरीत. ती शिवणे हा पेनच्या वडिलांचा धंदा. वडील क्वेकर पंथाचे. या पंथात पुरोहित नसतो, माणसे शांत बसून प्रार्थना करतात आणि कोणापुढे टोपी काढून झुकत नाहीत. आई मात्र इंग्लंडच्या सरकारी चर्चची. एकाच घरात दोन धर्ममते असल्याने आपलेच मत देवाचे असे मानण्याची सवय या मुलाला लागली नाही. गावात खासदार निवडण्याचा हक्क मूठभर माणसांना होता आणि ती माणसे एका ड्यूकच्या मुठीत होती. दरवर्षी तिथे फौजदारी न्यायालय भरे आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठीही गरिबांना फासावर चढवले जाई. लोकशाही आणि न्याय यांचे पहिले धडे पेनने असे गावातच घेतले.

तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि हातात सुईदोरा आला. पुढची २४ वर्षे म्हणजे अपयशांची मालिका आहे. काही महिने तो लढाऊ जहाजावर गेला. मग स्वतःचे दुकान थाटले, लग्न केले. वर्षभरातच पत्नी वारली. मग तो अबकारी खात्यात लागला. न तपासलेला माल तपासला असे नोंदवल्याच्या ठपक्यावरून १७६५ मध्ये नोकरी गेली, अर्ज करून ती परत मिळवली. लुईस गावी बदली झाली. तिथे दुसरे लग्न, तंबाखूचे दुकान आणि गावच्या मंडळींच्या वादसभा.

इथे पेनमधला कार्यकर्ता प्रथम दिसतो. अबकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ५० पौंड पगार. त्यात घोडा पोसायचा, फिरती करायची आणि कुटुंब चालवायचे. सहकाऱ्यांनी पगारवाढीची मागणी मांडायचे काम पेनवर सोपवले. १७७२ मध्ये त्याने एक पत्रक लिहिले. भुकेल्या नोकराकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवायची आणि त्याला पोटभर द्यायचे नाही, हा राज्याचाच अप्रामाणिकपणा आहे, असा त्याचा सूर. पत्रकाच्या ४,००० प्रती छापल्या. पेन महिनोन्महिने लंडनला खासदारांचे उंबरे झिजवत राहिला. पगार वाढला नाही. कामावर गैरहजर राहिल्याच्या कारणावरून १७७४ मध्ये त्याला पुन्हा काढून टाकण्यात आले. दुकानातील सामान लिलावात गेले, संसार मोडला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याच्याकडे दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकी विद्वानाशी त्याची ओळख झाली होती. फ्रँकलिनही छापखान्यात कंपोजिंग करून वर आलेला माणूस. त्याने शिफारसपत्र दिले. पेन अमेरिकेच्या जहाजात बसला. जहाजावर तापाची साथ पसरली. १७७४ च्या नोव्हेंबरअखेर फिलाडेल्फियाच्या बंदरात त्याला उचलूनच उतरवावे लागले. बरा झाल्यावर त्याला एका मासिकाच्या संपादनाचे काम मिळाले. शिवणकामाची सुई खाली ठेवून त्याने लेखणी उचलली, ती शेवटपर्यंत ठेवली नाही.

त्या वेळी अमेरिकेतील वसाहती इंग्लंडच्या करांविरुद्ध भांडत होत्या. पण भांडण मंत्र्यांशी होते, राजाशी नव्हते. राजा चांगला आहे, त्याचे सल्लागार वाईट आहेत, अशी पुढाऱ्यांची समजूत होती. आपल्याला हा युक्तिवाद चांगला परिचयाचा आहे. व्यवस्था चांगली, फक्त काही माणसे वाईट! पेनने या समजुतीवरच घाव घातला. १० जानेवारी १७७६ रोजी त्याचे ‘कॉमन सेन्स’ हे छोटे पुस्तक लेखकाचे नाव न घालता प्रसिद्ध झाले. राजघराण्याचा मूळपुरुष शोधत मागे गेलात तर तो एखाद्या लुटारू टोळीचा म्होरक्या निघेल, असे त्याने सरळ लिहिले. शहाणपण वारशाने येत नाही, मग राज्य वारशाने कसे येते, हा त्याचा मुख्य सवाल. एका बेटाने एका खंडावर राज्य करावे यात कोणता निसर्गनियम आहे, हा दुसरा.

या पुस्तकाची ताकद त्याच्या भाषेत होती. पुढाऱ्यांची पत्रके लॅटिन अवतरणांनी भरलेली असत, ती वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेली असत. पेनने लोहार, सुतार, शेतकरी यांना कळेल अशी भाषा लिहिली. ज्याला वाचता येत नव्हते त्याला गुत्त्यात दुसऱ्याने वाचून दाखवले. लाखावर प्रती खपल्याचा दावा पेनने केला. आजचे अभ्यासक तो आकडा कमी धरतात, पण त्या वर्षी अमेरिकेत या पुस्तकाइतकी चर्चा दुसऱ्या कशाची झाली नाही, हे सर्वांना मान्य आहे. सहा महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. पुस्तकातील आपला नफा पेनने सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊन टाकला.

युद्धात तो स्वतः सैन्याबरोबर होता. १७७६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचे सैन्य हरत हरत मागे येत होते. शिपायांच्या पायांत धड जोडे नव्हते, पुष्कळजण घरी पळत होते. तेव्हा पेनने ‘अमेरिकन क्रायसिस’ या पत्रकमालेचा पहिला अंक लिहिला. तो सैनिकांना वाचून दाखवण्यात आला आणि त्याच आठवड्यात त्या सैन्याने डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनची लढाई जिंकली. ट्रेंटन हे गाव वाचकांनी लक्षात ठेवावे. या चरित्रात ते पुन्हा येणार आहे. पुढे पेन पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचा कारकून झाला. त्याच काळात, १७८० मध्ये, त्या विधिमंडळाने गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करण्याचा कायदा केला. अमेरिकेतील विधिमंडळाने केलेला असा तो पहिला कायदा.

स्वातंत्र्य मिळाले. न्यूयॉर्क राज्याने पेनला न्यू रोशेल येथे एक शेत दिले. पेनने तिथे आरामात म्हातारे व्हायला हरकत नव्हती. पण तो स्वस्थ बसणारा माणूस नव्हता. त्याने लोखंडी पुलाचा आराखडा तयार केला आणि तो दाखवायला १७८७ मध्ये युरोपात गेला. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली.

इंग्लंडचा नावाजलेला मुत्सद्दी एडमंड बर्क याने १७९० मध्ये या क्रांतीविरुद्ध ग्रंथ लिहिला. अमेरिकेच्या भांडणात याच बर्कने वसाहतींची बाजू घेतली होती. आता तो परंपरेचा वकील झाला. पूर्वजांनी घालून दिलेली व्यवस्था हा पवित्र वारसा आहे, तो मोडण्याचा अधिकार आजच्या माणसांना नाही, अशी त्याची मांडणी. फ्रान्सच्या राणीच्या अपमानाने त्याला गहिवरून आले. त्याच फ्रान्समध्ये भाकरीसाठी रस्त्यावर आलेल्या बायकांसाठी मात्र त्याच्याकडे गहिवर उरला नव्हता.

पेनचे उत्तर म्हणजे ‘राइट्स ऑफ मॅन’, मानवाचे हक्क. पहिला भाग १७९१ चा, दुसरा १७९२ चा. मेलेल्या पिढ्यांना जिवंत पिढ्यांवर राज्य करण्याचा हक्क नाही, हा या ग्रंथाचा कणा आहे. कोणत्याही काळातील माणसांनी पुढच्या सर्व काळांसाठी नियम करून ठेवणे म्हणजे माणसाला कबरीतून हुकूम सोडणे होय. हक्क राजाने दिलेले नसतात, कोणा ग्रंथाने दिलेले नसतात. माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला ते जन्मानेच असतात. म्हणून जन्मावरून कोणी उच्च आणि कोणी नीच ठरत नाही.

दुसऱ्या भागात पेन आणखी पुढे गेला आणि चक्क हिशेब मांडून दाखवला. राजदरबार आणि लढाया यांवरचा खर्च कमी करा. गरीब कुटुंबातील १४ वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड द्या, म्हणजे ते शाळेत जाईल. वयाची पन्नाशी उलटलेल्या गरीब कष्टकऱ्याला वर्षाला ६ पौंड आणि साठीनंतर १० पौंड द्या. मोठ्या जमीनदारीवर चढत्या दराने कर बसवा. ही रक्कम भीक नव्हे, हक्क आहे, कारण त्या माणसाने आयुष्यभर कर भरलेला आहे. वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन इंग्लंडमध्ये कायद्याने सुरू व्हायला १९०८ साल उजाडावे लागले. चोळी शिवणाऱ्याच्या पोराने ते ११६ वर्षे आधी आकड्यांत मांडून ठेवले होते.

पुस्तक महाग होते तोवर सरकारने कानाडोळा केला. सहा पेन्सची स्वस्त आवृत्ती निघाली, विणकर आणि खाणकामगार ती वाचू लागले, तेव्हा सरकार खडबडून जागे झाले. विद्या वरच्यांच्या दिवाणखान्यात असेपर्यंत ती शोभेची वस्तू असते. ती खालच्यांच्या हाती लागली की गुन्हा ठरते. पेनवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. गावोगाव त्याचे पुतळे जाळण्यात आले. १७९२ च्या सप्टेंबरात तो फ्रान्सला निघून गेला आणि त्याच्या गैरहजेरीत डिसेंबरात त्याला दोषी ठरवण्यात आले. त्याची बाजू मांडणारा वकील होता थॉमस अर्स्किन. छापखान्याच्या स्वातंत्र्यावर त्याने या खटल्यात केलेले भाषण गाजले. त्यापायी त्याने युवराजाकडील मानाचे पद गमावले. हे नावही लक्षात ठेवावे.

फ्रान्सने पेनचे स्वागत केले. त्याला नागरिकत्व मिळाले, राष्ट्रीय सभेवर तो निवडून गेला. त्याला फ्रेंच नीट बोलता येत नव्हते, त्याची भाषणे दुसरा कोणी भाषांतर करून वाची. अशा सभेत, १७९३ च्या जानेवारीत, राजा सोळावा लुई याला देहदंड द्यावा की नाही हा प्रश्न आला. राजेशाहीचा युरोपातला सर्वांत कडवा शत्रू उभा राहिला आणि म्हणाला की या माणसाला मारू नका. राजेपण नष्ट करा, माणसाला जगू द्या. युद्ध संपेपर्यंत त्याला कैदेत ठेवा, मग अमेरिकेला पाठवून द्या. भाषांतर वाचले जात असताना माराने मध्येच उठून आक्षेप घेतला की हा क्वेकर आहे, याला देहदंडाच्या प्रश्नावर मत देण्याचा अधिकारच नाही. २१ जानेवारीला राजाचा शिरच्छेद झाला.

इथे पेनची खरी उंची कळते. आपल्या माणसांच्या हक्कांसाठी लढणारे पुष्कळ असतात. ज्याच्याविरुद्ध आपण जन्मभर लढलो, त्याच्याही माणूसपणाची बाजू घेण्यासाठी वेगळे काळीज लागते. पेनचे तत्त्व सूडाचे नव्हते. त्याची किंमत त्याला लगेच मोजावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला अटक झाली. तुरुंगाच्या वाटेवर असताना त्याने एका हस्तलिखिताचे कागद मित्राच्या स्वाधीन केले. ते ‘एज ऑफ रीझन’ या पुस्तकाचे होते. बुद्धीचे युग असा त्या नावाचा अर्थ.

लक्झेंबर्ग तुरुंगात तो दहा महिन्यांहून अधिक काळ खितपत पडला. रोज रात्री गाडी येई आणि कैद्यांना गिलोटिनकडे नेई. पेनने नंतर लिहून ठेवले आहे की ज्यांना न्यायचे त्यांच्या कोठडीच्या दारावर खडूने खूण करीत. त्याच्या दारावर खूण झाली तेव्हा दार सताड उघडे होते, त्यामुळे ती आतल्या बाजूला पडली. रात्री दार लागले आणि खूण आत गेली. तो तापाने बेशुद्धीत होता. अमेरिकेच्या तेव्हाच्या वकिलाने त्याच्यासाठी जोर लावला नाही. अध्यक्षपदी असलेला वॉशिंग्टन गप्प राहिला. नवा वकील जेम्स मन्रो आला, त्याने खटपट करून १७९४ च्या नोव्हेंबरात पेनला सोडवले.

आता ‘एज ऑफ रीझन’ पाहू. पेन निरीश्वरवादी नव्हता. सृष्टीचा एक निर्माता आहे आणि न्यायाने व दयेने वागणे हाच त्याचा धर्म आहे, एवढे तो मानी. पण देव एखाद्याशी बोलला असेल तर ते त्या एकापुरते दैवी ज्ञान, बाकीच्यांसाठी ती ऐकीव गोष्ट, असे त्याने बजावले. मग त्याने बायबल उघडले आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी त्याची घेतली. मोझेसने लिहिलेल्या म्हटल्या जाणाऱ्या ग्रंथात मोझेसच्याच मृत्यूची आणि दफनाची हकिगत कशी? देवाच्या नावाने लहान मुलांच्या कत्तलीचे हुकूम कसे? असे प्रश्न विद्वानांनी पूर्वी लॅटिनमध्ये आडूनआडून विचारले होते. पेनने ते बाजारच्या भाषेत विचारले.

आणि इथे सगळे फिरले. ज्या अर्स्किनने मानवी हक्कांसाठी पेनचे वकीलपत्र घेतले होते, त्याच अर्स्किनने १७९७ मध्ये ‘एज ऑफ रीझन’ विकणाऱ्या विल्यम्स या गरीब पुस्तकविक्रेत्यावरील खटला फिर्यादी पक्षाच्या बाजूने लढवला आणि विल्यम्स तुरुंगात गेला. राजावर टीका म्हणजे विचारस्वातंत्र्य, धर्मग्रंथावर टीका म्हणजे गुन्हा! १८१९ मध्ये रिचर्ड कार्लाइल या प्रकाशकाला याच पुस्तकासाठी शिक्षा झाली आणि दंड न भरल्याने त्याने सहा वर्षे तुरुंगात काढली.

पेनला अक्कल शिकवायला पुढे आलेल्यांत लँडाफचा बिशप वॉटसन होता. याच बिशपने एक प्रवचन केले होते. देवाने श्रीमंत आणि गरीब दोन्ही निर्माण केले यातच त्याचे शहाणपण आहे, असा त्याचा विषय. पेनने १७९७ मध्ये ‘ॲग्रेरियन जस्टिस’ हे छोटे पुस्तक काढून त्याला उत्तर दिले. देवाने फक्त स्त्री आणि पुरुष निर्माण केले, श्रीमंत आणि गरीब माणसाने निर्माण केले. जमीन मुळात सर्वांची होती. ती ज्यांनी बळकावली ते बाकीच्यांचे देणे लागतात. म्हणून वारसाहक्कावर कर बसवून निधी उभारावा, त्यातून प्रत्येकाला २१ व्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरवर्षी १० पौंड द्यावेत. पोथी आणि पोट यांचा संबंध पेनला बरोबर कळला होता. ज्या पोथीत गरिबी देवाची इच्छा ठरते, ती तपासल्याशिवाय गरिबाला त्याचा वाटा मिळत नाही.

१८०२ मध्ये अध्यक्ष जेफर्सनच्या पाठिंब्याने पेन अमेरिकेत परतला. ज्या देशाला त्याने जागे केले होते, त्या देशाच्या वृत्तपत्रांनी आणि धर्मपीठांनी त्याच्यावर शिव्यांचा वर्षाव केला. ट्रेंटन गावात घोडागाडीवाल्याने या पाखंड्याला गाडीत जागा देण्याचे नाकारले. ज्या ट्रेंटनच्या विजयासाठी त्याच्या शब्दांनी शिपाई उभे केले होते, तेच हे ट्रेंटन. न्यू रोशेलला त्याच्या घराच्या खिडकीतून गोळी झाडली गेली. १८०६ मध्ये मतदानाला गेला तर तू अमेरिकेचा नागरिकच नाहीस, असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. म्हातारा पेन तरीही लिहीत राहिला. लुइझियानातील फ्रेंच रहिवाशांनी गुलाम आयात करण्याची परवानगी मागितली, तेव्हा १८०४ मध्ये त्याने त्यांना खडे बोल सुनावले. आपल्यासाठी हक्क मागताना दुसऱ्याला गुलाम करण्याचा हक्कही मागायला लाज वाटली पाहिजे, हा त्याचा रोख होता.

८ जून १८०९ रोजी तो गेला. मरणाच्या दारात असताना दोन पाद्री त्याला पश्चात्ताप करायला लावण्यासाठी आले, त्याने त्यांना बाहेरची वाट दाखवली. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारली. शेतातच त्याला पुरले. त्या वेळी एक फ्रेंच स्नेही बाई, तिचा मुलगा आणि दोन कृष्णवर्णीय माणसे यांच्यासह बोटांवर मोजण्याइतके लोक हजर होते. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट हा इंग्रज पत्रकार ती हाडे उकरून इंग्लंडला घेऊन गेला. त्याने पूर्वी पेनला यथेच्छ शिव्या दिल्या होत्या, आता त्याला पेनचे स्मारक उभारायचे होते. स्मारक झाले नाही. १८३५ मध्ये कॉबेट वारला आणि हाडांचा ठावठिकाणा कोणाला राहिला नाही.

हाडे हरवली, पण पुस्तके प्रवास करीत राहिली. १८४७ मध्ये पुण्यात वीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. वर्षभरात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. आता असे म्हणायचे कारण नाही की फुल्यांना पेनने घडवले. शूद्र आणि अतिशूद्र म्हणून इथल्या व्यवस्थेने दिलेले चटके हीच त्यांची पहिली पाठशाळा. पेनने त्यांना एवढेच सांगितले की हा चटका सोसणारे तुम्ही एकटे नाही आणि तो निसर्गाचा नियमही नाही. पण एक गोष्ट निश्चित. जोतीरावांची बुद्धीही सिंहासनापाशी थांबली नाही. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांनी अवतारकथा एकेक करून हातात घेतल्या आणि साध्या माणसाच्या साध्या प्रश्नांनी उलगडल्या. हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ात त्यांनी मध्यस्थाविना सर्वांचा असणारा निर्मिक मांडला.

बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा आपला ग्रंथ याच जोतीरावांना अर्पण केला. तरीही बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले होते की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, तर आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. ग्रंथात लिहिले आहे म्हणून, परंपरेने चालत आले आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे बुद्धाने कालामांना पेनच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी सांगितले. म्हणून पेनकडे आपण उसनवारीसाठी जात नाही. दूरच्या देशातला एक सोबती म्हणून जातो.

पेनवर जे गुदरले तेच जोतीरावांवर वेगळ्या रीतीने गुदरते आहे. मुलींची शाळा काढणारे, हौद खुला करणारे जोतीराव आज सर्वांना चालतात. त्यांच्या जयंतीला हार घालायला सगळे पक्ष रांगेत उभे असतात. पण ‘गुलामगिरी’ आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिणारे जोतीराव व्यासपीठावर चालत नाहीत. पेनची अमेरिकाही अशीच. ‘कॉमन सेन्स’चा लेखक तिला हवा होता, ‘एज ऑफ रीझन’चा लेखक नको होता. अर्धा विचारवंत स्वीकारणे ही त्याला नाकारण्याचीच सोयीस्कर पद्धत असते. विरोधक हे करतात याचे नवल नाही. अनुयायीही करतात, ही खरी काळजीची गोष्ट आहे. घरात एकीकडे क्रांतिकारकाची तसबीर आणि दुसरीकडे पंचांग पाहून काढलेला मुहूर्त, अशी घरे आपल्याही वस्तीत आहेत.

पेनच्या चरित्रातून एवढे तरी घ्यावे. लिहायचे तर कामगाराला कळेल असे लिहावे. हक्क मागायचा तर तो विरोधकालाही नाकारू नये. आणि बुद्धी चालवायची तर ती नको तिथे मागे घेऊ नये. आपल्या विहारांतल्या आणि वस्तीतल्या वाचनालयांत जोतीरावांचे समग्र वाङ्मय आणि बाबासाहेबांचे खंड कपाटात असतात. तरुणांनी ते बाहेर काढावेत, आणि ज्या खंडावर सर्वांत जास्त धूळ आहे, त्याच खंडापासून वाचायला सुरुवात करावी.